रिपोर्ट नॉर्मल, पण टाच टेकवत नाही

माझ्या शाळेला तीन पायऱ्या आहेत. पारोळा तालुक्यातली जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. सतरा वर्षं मी त्या पायऱ्या कधी मोजल्या नाहीत. आता रोज मोजते, कारण उतरताना आधी कुठली टाच टेकवायची ते ठरवावं लागतं.

तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. शाळा सकाळची, आणि शाळा सुटली की पटनोंदणीसाठी वस्तीवर फिरायचं. बाईमाणसाला जायला वाटेत सोय नाही, म्हणून पाणीच कमी प्यायचं, ही आम्हा शिक्षिकांची जुनी सवय. व्हायचं तेच झालं. उन्हाळी लागली. दोन दिवस धन्याचं पाणी, सब्जा करून पाहिलं, मग तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या: लिवोफ्लॉक्सासिन ५००, रोज एक. जळजळ दुसऱ्या दिवशी थांबली. गोळी कामाची होती, हे आधीच सांगते.

चौथ्या दिवशी सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवला आणि टाचेमागची जाड शीर कोणी चिमट्यात धरावी तशी ओढली गेली. आई माहेरून आलेली होती. ती म्हणाली, "काय व्हयनं वं माय, पाय उचलीसन काबर चालस?" मला वाटलं, उन्हात फार चालले. उरलेली गोळीही घेतली. आठवडाभरात तळपाय पेटल्यासारखे झाले. रात्री चादरीचा स्पर्श सहन होईना, म्हणून मी शहाबादी फरशीवर तळवे टेकवून बसून राहायचे. झोप गेली. छाती उगाच धडधडायची. फळ्यावर वरच्या ओळीत तारीख लिहायला हात वर केला की खांद्यातून कळ यायची, म्हणून मी तारीख फळ्याच्या मधोमध लिहू लागले. पोरांनी विचारलं, "बाई, तारीख खाली का?"

पुढचं वर्षभर मी जे ऐकलं, ते हा लेख वाचणाऱ्यांपैकी काहींनी शब्दशः ऐकलेलं असेल. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला: हाड ठीक आहे. नसांच्या डॉक्टरांनी नसांची चाचणी केली: नॉर्मल. तिसऱ्यांनी फाइल न उघडता सांगितलं, "मॅडम, टेन्शन घेता तुम्ही. या वयात बायकांना होतं असं." मी त्रेचाळीस वर्षांची होते. गोळ्यांचा विषय मी स्वतः काढला, तेव्हा उत्तर आलं, "पाच दिवसांच्या गोळ्यांनी वर्षभर पाय दुखतो का कुठे? मोबाइलवर वाचू नका."

दुखतो. कसा दुखतो, तेच समजावून सांगायचा हा प्रयत्न आहे.

कोणती औषधं

सगळ्या अँटिबायोटिक्सना एका माळेत ओवू नका. मी बोलते आहे ते फ्लुरोक्विनोलोन या एका गटाबद्दल. ओळखायची खूण सोपी आहे: औषधाच्या मूळ नावाच्या शेवटी "फ्लॉक्सासिन" येतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन. पाकिटावर कंपनीचं नाव मोठं असतं आणि हे मूळ नाव त्याखाली बारीक अक्षरात. जुलाब लागले की मेडिकलवरून "लूज मोशनची गोळी द्या" म्हणून आपण जी आणतो, तिच्यात बरेचदा ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असतं. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांनी हा गट नाव न कळता घेतलेला आहे.

या गटाचं मूळ औषध, नॅलिडिक्सिक ॲसिड, १९६२ मध्ये सापडलं. सिप्रोफ्लॉक्सासिनला अमेरिकेत १९८७ मध्ये परवानगी मिळाली. पोटातून चांगलं शोषलं जातं, शरीरात खोलवर पोचतं, सलाईन न लावता गोळीवर काम होतं. म्हणून डॉक्टरांचं ते आवडतं झालं, आणि त्यात काही गैर नव्हतं. मूत्रपिंडापर्यंत गेलेलं इन्फेक्शन, औषधांना दाद न देणारा टीबी, अशा ठिकाणी या औषधांनी जीव वाचवले आहेत आणि आजही वाचवत आहेत. बहुतेकांना ती काही त्रास न देता लागू पडतात. पण थोड्यांना जो त्रास होतो, तो कधीकधी गोळी संपल्यावर संपत नाही.

दोराचा पीळ

हे औषध जिवाणूला मारतं कसं, ते आधी पाहू.

ज्यांनी पोळ्याआधी घरी दोर वळताना पाहिलं असेल, त्यांना ठाऊक आहे की वळलेल्या दोराचे पदर मधूनच उकलायला गेलं की पुढचा पीळ घट्ट होत जातो आणि शेवटी दोर स्वतःभोवती गुंडाळून गाठ बसते. जिवाणूचा डीएनए असाच दुपदरी पिळाचा दोर आहे. जिवाणू वाढायचा तर या दोराची नक्कल काढावी लागते, नक्कल काढायला तो उकलावा लागतो, आणि उकलताना पुढे पीळ साठतो. तो पीळ सोडवायला जिवाणूकडे कारागीर असतात, त्यातल्या मुख्य कारागिराचं नाव डीएनए गायरेझ. तो दोर एका जागी कापतो, पीळ मोकळा करतो आणि पुन्हा जोडून टाकतो. फ्लुरोक्विनोलोन नेमकं त्या क्षणी आडवं येतं. दोर कापलेला असतो, आणि जोडायच्या आधीच औषध कारागिराचे हात धरून ठेवतं. तुटक्या दोराचा जिवाणू मरतो.

माणसाच्या पेशीत हा कारागीर वेगळ्या घडणीचा आहे, म्हणून औषध आपल्याला सहसा धरत नाही. मात्र आपल्या पेशीत एक जुना पाहुणा राहतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, या फार प्राचीन काळी स्वतंत्र जिवाणू होत्या, असं जीवशास्त्र मानतं. त्यांचा डीएनए आजही वेगळा आहे, जिवाणूसारखा गोल. प्रयोगशाळेत या औषधांचा त्यांच्यावर परिणाम दिसलेला आहे. ऊर्जा कमी पडली की आधी हाल होतात ते नसा आणि स्नायूंचे. माणसाच्या शरीरात नेमकी साखळी कशी घडते यावर अजून काम चालू आहे, पण "असं होऊच शकत नाही" म्हणायला जागा उरलेली नाही.

दुसरा धागा मॅग्नेशियमचा. ही औषधं मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह अशा धातूंना चिकटतात. म्हणून तर सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधासोबत, ॲसिडिटीच्या औषधासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये असं सांगतात, पोटातच चिकटून ते वाया जातं. हेच चिकटणं शरीरात स्नायूबंधांना बाधत असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. स्नायूबंध म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी जाड शीर. तीही एक दोरच आहे, कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी वळलेला. स्नायूबंधाच्या पेशींवर हे औषध टाकलं की कोलॅजन तोडणारी रसायनं वाढतात, असं प्रयोगांत आढळलं आहे. टाचेमागची शीर शरीरातली सर्वांत जाड, आपलं सगळं वजन तिच्यावर, आणि तिला रक्तपुरवठा मात्र बेताचा. त्यामुळे तिथला बिघाड आधी जाणवतो आणि सगळ्यात सावकाश भरतो. केळीचा घड लोंबायला लागला की आपण झाडाला पट्टीने बांधतो ना? पट्टीचे चार धागे आतून झिजलेले असले तर बाहेरून काही दिसत नाही. घड भरतो तेव्हा कळतं.

रिपोर्ट का नॉर्मल येतो

मला सगळ्यात जास्त हेच खात होतं. इतकं दुखतंय आणि कागदावर काहीच नाही. आपलीच आपल्याला शंका येऊ लागते.

नसांची जी चाचणी सगळीकडे करतात, बारीक विजेचे झटके देऊन, ती जाड नसांचा वेग मोजते. तळपायाची आग, मुंग्या, चादर न सोसणं हे सांगणाऱ्या नसा अगदी बारीक असतात. त्या चाचणीत त्या येतच नाहीत. त्यांच्यासाठी त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागतो, आणि तशी सोय मोठ्या शहरांतच असते. एक्स-रे हाड दाखवतो, शीर दाखवत नाही. रक्ताची अशी एकही तपासणी नाही, जी सांगेल की हा त्रास या गोळीमुळेच झाला. तेव्हा नॉर्मल रिपोर्टचा अर्थ इतकाच, की त्या चाचणीला जे पाहता येतं ते ठीक आहे.

वेळेचाही घोळ असतो. स्नायूबंधाचा त्रास गोळी सुरू केल्यावर ४८ तासांत होऊ शकतो, आणि गोळी संपल्यावर काही महिन्यांनीही. तोवर पाकीट उकिरड्यावर गेलेलं असतं. आणि लक्षणं विखुरलेली: टाच हाडवाल्यांकडे, आग नसवाल्यांकडे, धडधड हृदयवाल्यांकडे, झोप मनाच्या डॉक्टरांकडे. प्रत्येकजण आपला तुकडा पाहतो. मला डॉक्टरांचा राग आला होता, खूप आला होता. पण त्यांच्या बाजूनेही पाहिलं पाहिजे. बाहेर साठ पेशंट बसलेले, हेच औषध त्यांनी हजारोंना दिलेलं, परत तक्रार घेऊन आलेले मोजके. म्हणून सावध राहण्याची गरज त्यांना वाटत नाही. तरीही "माहीत नाही, बघतो" एवढं म्हणायला वेळ लागत नाही. ते न म्हणता पेशंटच्या मनावर खापर फोडणं मला आजही मान्य नाही.

आणि ही माहिती कुठे लपवून ठेवलेली नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २००८ मध्ये या गटाच्या माहितीपत्रकावर चौकटीत ठळक इशारा छापायला लावला: स्नायूबंध सुजू किंवा तुटू शकतात. २०१३ मध्ये नसांबद्दल सांगितलं की इजा लवकर सुरू होऊ शकते आणि कायमची राहू शकते. २०१६ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं की सायनस, ब्राँकायटिस आणि साधं मूत्रमार्गाचं इन्फेक्शन, यांत दुसरं औषध चालत असेल तर हे देऊ नका. साधं मूत्रमार्गाचं इन्फेक्शन, म्हणजे माझी उन्हाळीच. त्याआधी एफडीएने १७८ प्रकरणं तपासली होती. एरवी धडधाकट असलेली माणसं, आणि शरीराच्या दोन किंवा अधिक यंत्रणांत महिन्याहून जास्त टिकलेला त्रास. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक ३० ते ५९ वयाचे होते. "वयामुळे होतं" म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. २०१८ मध्ये दोन इशारे वाढले: रक्तातली साखर धोक्याइतकी उतरू शकते, आणि छाती-पोटातल्या मुख्य रोहिणीला, महाधमनीला, चीर जाऊ शकते. युरोपने २०१९ मध्ये वापरावर बंधनं घातली. ब्रिटनने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं, नेहमीची इतर अँटिबायोटिक्स योग्य नसतील तेव्हाच हे द्या.

आपल्याकडे याच गटातलं गॅटिफ्लॉक्सासिन साखरेवरच्या परिणामामुळे २०११ मध्ये पोटातून आणि इंजेक्शनने द्यायला बंद झालं. लिवोफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन १ मार्च २०१४ पासून एच-वन यादीत आहेत. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि मेडिकलवाल्याने डॉक्टरचं, पेशंटचं नाव वहीत लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवायची. पाकिटावरची लाल उभी रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, याचीच आठवण आहे. ती रेघ आपण कितीजण पाहतो?

पुडी

खान्देशात राहणाऱ्यांना पुडी सांगायला नको. कागदात बांधलेल्या तीनचार सुट्या गोळ्या, एक पांढरी, एक पिवळी, एक अगदी बारीक. नाव नाही, गाव नाही. रक्त तपासून "टायफॉइड निघाला" म्हणतात आणि पुडी सुरू होते, कधी सोबत सलाईन. टायफॉइडची ती जुनी विडाल तपासणी एकटी भरवशाची नाही, आणि आपल्या देशातला टायफॉइडचा जंतू या फ्लॉक्सासिन गटाला आता बहुतेक जुमानत नाही, हे मी इथे सांगून ठेवते.

पुडीतली ती बारीक गोळी पुष्कळदा स्टिरॉइड असते. तिने अंगदुखी, ताप एका दिवसात पळतो. पण स्टिरॉइड आणि फ्लॉक्सासिन एकत्र आलं की स्नायूबंध तुटायचा धोका वाढतो. साठीपुढच्यांना, मूत्रपिंड किंवा दुसरा अवयव बदललेल्यांना आणि मूत्रपिंड कमी चालणाऱ्यांना हा धोका आधीच जास्त. दम्याला, सांधेदुखीला स्टिरॉइड चालू असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तरी सांगायचं, नाहीतर साखर अचानक उतरून माणूस घामाघूम होऊन पडतो आणि घरचे म्हणतात ऊन लागलं. पाठीच्या आखडण्यावर टिझानिडीन घेत असाल तर सिप्रोफ्लॉक्सासिन त्यासोबत चालतच नाही.

पुडी नाकारता येत नाही, हे मला कळतं. गावात एकच डॉक्टर असतो, रात्री तोच उठतो. पण "डॉक्टरसाहेब, नावं लिहून द्या, घरी भाऊला दाखवायची आहेत" एवढं म्हणता येतं. औषधांची मूळ नावं वाचता येतील अशी लिहावीत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियमच आहे.

त्रास सुरू झाला तर

गोळी चालू असताना टाच, खांदा, मनगट दुखायला लागलं, तळपायात आग किंवा मुंग्या आल्या, मन सैरभैर झालं, तर "कोर्स पूर्ण करायचा असतो" म्हणून दात-ओठ खात राहू नका. पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि दुसरं अँटिबायोटिक मागा. छातीत, पोटात किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली तर थेट मोठ्या दवाखान्यात. आणि हे दोनदा वाचा: टीबीच्या उपचारात लिवोफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन चालू असेल तर ते मनाने बंद करू नका. उपचार केंद्रात जाऊन सांगा. तिथे ते औषध दुसऱ्या कशाने सहज भरून निघत नाही.

दुखऱ्या टाचेवर जोरजोरात चोळून घेऊ नका. मी घेतलं, आणि पंधरा दिवस मागे गेले. त्या शिरेत स्टिरॉइडचं इंजेक्शनही नको, त्याने ती आणखी कमजोर होते. यावर उतारा म्हणावा असं औषध नाही. "डिटॉक्स"ची महागडी सलाईनं विकणारे भेटतील, त्यांच्यामागे पुरावा नाही. जे आहे ते हळू आहे: आधी विश्रांती, मग फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली तोळातोळा वजन वाढवणं. आगीसाठी नसांच्या दुखण्याची औषधं मिळतात, ती डॉक्टरच देतील. बऱ्याचजणांना महिन्यांच्या हिशोबात उतार पडतो, काहींना वर्षं लागतात.

दुसरी कारणंही तपासून घ्या, आणि त्यात कमीपणा मानू नका. बी-१२ कमी असलं, साखर वाढलेली असली, थायरॉइड बिघडलेलं असलं तरी पाय असेच पेटतात. माझं बी-१२ खरंच कमी निघालं. इंजेक्शनं घेतली, आग निम्मी झाली. टाच आणि खांदा मात्र जिथल्या तिथे. खऱ्या आयुष्यात कारणं अशी एकमेकांत गुंतलेली असतात.

माझी गाठ सुटली ती धुळ्याच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे. त्यांच्याकडे जाण्याआधी मी फाइल घरीच ठेवली आणि एका कागदावर फक्त तारखा लिहून नेल्या. कोणत्या दिवशी कोणतं औषध सुरू, किती मिलिग्रॅम, कितव्या दिवशी काय दुखलं, आधी काय करू शकत होते आणि आता काय नाही. "जिना चढते, उतरता येत नाही." "फळ्यावर वर लिहिता येत नाही." पाकीट माझ्याकडे नव्हतं, पण मेडिकलवाल्याच्या वहीत नोंद सापडली. बाईंनी तो कागद दोनदा वाचला. मग टाचेमागची शीर दोन बोटांत धरून हळू दाबत वर गेल्या, एका जागी थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे ना?" तिथेच होतं. वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी तिथे हात लावला होता. मला रडू आलं, आणि त्यांनी मला रडू दिलं.

डॉक्टर हा संबंध कसा ठरवतात तेही त्यांनीच सांगितलं. औषध आधी आणि त्रास नंतर, असा क्रम लागतो का; दुसऱ्या आजाराने हे सगळं स्पष्ट होतं का; या औषधाने असं होतं हे आधी नोंदलेलं आहे का. त्यावरून "शक्य" की "बहुधा" ते ठरतं. त्यांच्याकडच्या माझ्या फाइलवर त्यांनी "बहुधा" लिहिलं, आणि पहिल्या पानावर लाल शाईने: "फ्लुरोक्विनोलोन देऊ नये." तसाच कागद आता माझ्या पर्समध्ये, आधार कार्डाच्या मागे असतो. डोळ्यात टाकायचे थेंब देतानाही मी तो दाखवते, कारण त्यातही मॉक्सिफ्लॉक्सासिन असतं. जुने कागद हवे असतील तर मागा. रुग्णाने नोंदी मागितल्या की ७२ तासांत द्याव्यात, असा २००२ पासूनचा नियम आहे.

या हिवाळ्यात आमच्या शेतात भरिताची पार्टी झाली. गेल्या वर्षी मी खाटेवर बसून वांगी सोलली होती. यंदा उभी राहिले आणि बडगीत भरीत ठेचलं. खांदा रात्री बोलला, पण ठेचलं.

शेवटचं काम मी गेल्या महिन्यात केलं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा आपल्या देशाचा एक कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. डॉक्टरांनीच कळवावं असं नाही, पेशंटही कळवू शकतो. १८००-१८०-३०२४ हा फोन फुकट आहे, आणि पेशंटसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो. बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांची केंद्रं असतात, तिथेही देता येतो. मी रात्री जेवणं झाल्यावर तो भरायला बसले. औषधाचं नाव, कशासाठी घेतलं, त्रास कधी सुरू झाला. तारखांचा कागद शेजारी होता, भरभर लिहून झालं. पुढे विचारलं होतं, त्रास अजून चालू आहे का. मी "हो" वर खूण केली.